शेवटच्या पानावरील नावे : इमारतींचे नियम घडविणाऱ्या समित्यांचा इतिहास

कोणत्याही जुन्या ग्रंथालयाचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणून हाती लागते ती सभांच्या इतिवृत्तांची वही. अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष व सभासद यांची नावे, सभेची तारीख, उपस्थितांच्या सह्या आणि संमत झालेले ठराव एवढाच तिच्यातील मजकूर असतो. कपाटांतील ग्रंथ वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ती नावे ठाऊक असतात. परंतु दिवसभराचा उद्योग आटोपून ती मंडळी संध्याकाळी एका टेबलाभोवती बसली नसती, जागेचे भाडे, पुस्तकांची यादी आणि वर्गणीची थकबाकी यांवर त्यांनी वाद घातला नसता, तर ग्रंथालय शंभर वर्षे टिकले नसते. या विनावेतन सेवेचे स्मरण प्रस्तुत ग्रंथात अन्यत्र होईलच. या लेखात अशाच स्वरूपाच्या, पण सामान्य वाचकास जवळजवळ अपरिचित असलेल्या दुसऱ्या एका सेवेचा इतिहास सांगावयाचा आहे.

आपण ज्या घरांत निजतो, ज्या शाळांत मुलांना पाठवितो आणि ज्या सभागृहांत जमतो, त्यांच्या भिंती कशा बांधाव्यात, काँक्रीट किती बळकट असावे आणि जमीन हादरली तर इमारतीने तग कसा धरावा, याचे नियमही काही समित्यांनीच लिहिले आहेत. त्या नियमांच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर समितीच्या सदस्यांची नावे बारीक टाइपात छापलेली असतात. ते पान बहुधा कोणी वाचत नाही.

हैदराबादकरांस या विषयाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने या शहरातील हजारो माणसे आणि घरे नाहीशी केली. त्यानंतर संस्थानाने विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले, १९१२ साली नगरसुधार मंडळ स्थापन झाले आणि १९२० साली उस्मान सागर व १९२७ साली हिमायत सागर हे जलाशय पुरे झाले. आपत्ती येते, माणसे जातात, मग जाणती माणसे एकत्र बसून काही ठरवितात, हा क्रम आपल्या शहराने असा फार लवकर पाहिला. इमारतींच्या नियमांचा इतिहासही दुर्दैवाने याच क्रमाने घडलेला आहे.

व्यावसायिक मंडळांचा उदय

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडील बांधकामाचे नियम म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचे नियम होते. खाते सरकारी, नियम खात्यापुरते आणि ते लिहिणारे बहुतेक गोरे अधिकारी. खात्याबाहेरच्या अभियंत्याने वा वास्तुशिल्पज्ञाने आपला अनुभव कोठे मांडावा, याची सोय नव्हती. ही उणीव विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांत भरून निघू लागली.

१९१७ साली मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून वास्तुकलेचे शिक्षण घेतलेल्या माजी विद्यार्थ्यांनी एक मंडळ स्थापन केले आणि गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुशिल्पज्ञ जॉर्ज विटेट यांनी त्याचे पहिले अध्यक्षपद स्वीकारले. १९२२ साली त्याचे नाव बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन असे झाले आणि १९२९ साली त्यातूनच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही अखिल भारतीय संस्था उभी राहिली. अभियंत्यांची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था १९२० साली स्थापन झाली व तिला १९३५ साली राजसनद मिळाली. पंजाबात तर त्याही आधीपासून इंजिनिअरिंग काँग्रेस भरत असे. या संस्थांच्या सभांत निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई आणि निबंध व चर्चा दोन्ही छापून ठेवली जात. आज हे सर्व सामान्य वाटेल. परंतु एका माणसाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडावा, तो त्याच्याबरोबर चितेवर जाऊ नये, ही दृष्टी त्यामागे होती.

क्वेट्टा येथील घरे

या दृष्टीचे फळ किती मोलाचे असू शकते याचे आपल्या उपखंडातील पहिले उदाहरण बलुचिस्तानात घडले. २७ ऑगस्ट १९३१ रोजी तेथील माच परिसरात मोठा भूकंप झाला. त्यानंतर क्वेट्टा येथे रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी घरे बांधावयाची होती. ते काम एस. एल. कुमार या तरुण रेल्वे अभियंत्याकडे आले. भूकंपाचा धक्का आडवा बसतो आणि आपली घरे मात्र केवळ वरून खाली येणारे वजन पेलण्यासाठी बांधलेली असतात, हे लक्षात घेऊन त्यांनी घराच्या वजनाच्या एकदशांश इतका आडवा जोर सोसता येईल अशा बेताने या घरांची रचना केली. १९३३ साली त्यांनी पंजाब इंजिनिअरिंग काँग्रेससमोर या विषयावर निबंध सादर केला. हिंदुस्थानातील कोणत्या प्रदेशाला भूकंपाचा धोका किती, हे दाखविणारा एक नकाशाही त्यांनी या निबंधास जोडला होता. आपल्या देशाच्या भूकंपक्षेत्रांचा तो पहिला नकाशा होय.

दोनच वर्षांनी, ३१ मे १९३५ च्या पहाटे, क्वेट्टा शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले. वीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कुमार यांनी बांधलेली रेल्वेची घरे मात्र उभी राहिली. त्यानंतर क्वेट्टा येथे नव्या बांधकामासाठी कडक नियम करण्यात आले. भिंतींना ठरावीक पातळ्यांवर बांधून घेणारे काँक्रीटचे पट्टे तेथे वापरले गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार व नेपाळ हादरले होते आणि दहा हजारांहून अधिक बळी गेले होते. म्हणजे सोळा महिन्यांत दोन महाभयंकर भूकंप झाले, उपाय सिद्ध झाला, तो छापूनही निघाला. तरी सर्व देशासाठी भूकंपविषयक नियम तयार व्हावयास १९६२ साल उजाडावे लागले. ज्ञान होते, पण ते एका निबंधात होते. त्याला सर्वांना लागू पडेल असे रूप देणारी, त्याची जबाबदारी घेणारी आणि कालांतराने त्यात सुधारणा करणारी समिती नव्हती.

मानक संस्था आणि समितीची रीत

अशा समित्यांना कायमचे घर मिळाले ते ६ जानेवारी १९४७ रोजी स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेमुळे. डॉ. लालचंद वर्मन हे तिचे पहिले संचालक. संस्थेच्या क्रमांक एकच्या मानकाचा विषय होता राष्ट्रध्वज, हे अनेक वाचकांस ठाऊक नसेल. १९८७ साली या संस्थेचे रूपांतर भारतीय मानक ब्यूरोत झाले.

समितीची कार्यपद्धती थोडी समजून घेतली पाहिजे, कारण या इतिहासाचे मर्म तीत आहे. एखाद्या विषयावर मानक हवे असे ठरले म्हणजे ते काम त्या विषयाच्या समितीकडे जाते. समितीत शासकीय बांधकाम खाती, संशोधन संस्था, विद्यापीठे, सिमेंट वा पोलाद निर्माण करणारे उत्पादक, बांधकाम करणारे आणि व्यावसायिक संस्था यांचे प्रतिनिधी असतात. प्रत्येक प्रतिनिधीस बहुधा एक पर्यायी सदस्यही असतो. काही तज्ज्ञ कोणत्याही संस्थेच्या वतीने नव्हे, तर वैयक्तिक नात्याने घेतले जातात आणि जुन्या पुस्तिकांत त्यांच्या नावापुढे त्यांच्या राहत्या घराचा पत्ता छापलेला आढळतो. निवृत्त झालेला एखादा मुख्य अभियंता किंवा प्राध्यापक आपल्या घरच्या पत्त्यानिशी देशाच्या नियमांत हजर असतो, हे दृश्य मोठे हृद्य आहे.

समिती प्रथम मसुदा तयार करते. तो सर्व संबंधितांकडे आणि जनतेकडे मतांसाठी पाठविला जातो. सामान्यतः दोन महिन्यांची मुदत असते. आलेल्या प्रत्येक आक्षेपाचा विचार करावा लागतो. निर्णय शक्यतो हात वर करून मोजणीने होत नाही, तर सर्वसंमतीने होतो. उत्पादकाला खर्च दिसत असतो, प्राध्यापकाला सिद्धान्त, सरकारी अभियंत्याला निविदेचे दर आणि कामावर उभ्या राहणाऱ्याला गवंड्याचा हात. या चौघांना एका वाक्यावर आणावयाचे म्हणजे एकेका आकड्यासाठी बैठकींमागून बैठकी होतात. मानक प्रसिद्ध झाल्यावरही काम संपत नाही. ठरावीक काळाने त्याचे पुनरवलोकन करावे लागते. या श्रमाबद्दल सदस्यास वेतन नसते आणि पुस्तकावर लेखक म्हणून त्याचे नावही नसते.

एका आकड्याचे मोल किती असते याचे एक उदाहरण देतो. सळया घातलेल्या काँक्रीटसंबंधीची आपली मुख्य संहिता, मानक क्रमांक ४५६, १९५३ साली प्रथम निघाली आणि १९५७, १९६४, १९७८ व २००० साली तिच्या सुधारित आवृत्त्या झाल्या. १९७८ च्या आवृत्तीप्रमाणे अशा कामात किमान १५ प्रतीचे काँक्रीट चालत असे. २००० सालच्या आवृत्तीने ती किमान मर्यादा २० केली. प्रत १५ किंवा २० म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी काँक्रीटच्या ठोकळ्याने प्रत्येक चौरस मिलिमीटरवर तितके न्यूटन दाब सोसला पाहिजे. छतांतून पाणी झिरपून सळया गंजतात, गिलावा फुगून खाली पडतो, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल. घट्ट आणि टिकाऊ काँक्रीटचा आग्रह धरणारी ती एक ओळ देशातील लाखो छतांत उतरली. ती कोणी लिहिली, हे त्या छतांखाली राहणाऱ्यांस ठाऊक नाही.

रुरकी आणि पहिली भूकंपसंहिता

१५ ऑगस्ट १९५० रोजी, स्वातंत्र्यदिनीच, आसामात विसाव्या शतकातील प्रचंड भूकंपांपैकी एक झाला. त्या दशकात रुरकी विद्यापीठातील प्रा. जय कृष्ण यांनी अमेरिकेत जाऊन भूकंप अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि परत आल्यावर या विषयास आपल्याकडे वाहून घेतले. १९५९ साली रुरकीस या विषयावरील पहिला परिसंवाद भरला, १९६० साली तेथे संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि १९६२ साली भूकंपतंत्रविषयक भारतीय सोसायटी स्थापन झाली.

त्याच १९६२ साली मानक क्रमांक १८९३ प्रसिद्ध झाले. भूकंपाचा विचार करून इमारतींची रचना कशी करावी, याविषयीचे हे आपले पहिले राष्ट्रीय मानक. त्यात देशाचे शून्यापासून सहापर्यंत सात भाग पाडले होते. पाच वर्षांनी, १९६७ साली, मानक क्रमांक ४३२६ निघाले. विटा व दगडांच्या साध्या इमारती भूकंपात टिकण्यासाठी कशा बांधाव्यात हा त्याचा विषय. जोत्याच्या, दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या आणि छताच्या पातळीवर घराला चहूबाजूंनी बांधून घेणारा पट्टा हवा, हे क्वेट्ट्याचे शहाणपण आता राष्ट्रीय नियम झाले. एका सभेतील निबंधापासून या मानकापर्यंतचा प्रवास चौतीस वर्षांचा होता.

नियोजन मंडळाने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने १९६५ साली सुचविल्यावरून सर्व इमारतींसाठी एकच राष्ट्रीय संहिता तयार करण्याचे कामही याच सुमारास हाती घेण्यात आले. त्यासाठी १९६७ साली मार्गदर्शक समिती नेमली गेली, तिने अठरा तज्ज्ञ गट नेमले आणि १९७० साली राष्ट्रीय इमारत संहिता प्रसिद्ध झाली. आगीपासून संरक्षण, पाणीपुरवठा, जिन्यांची रुंदी, उजेड व वारा, पाया आणि छप्पर हे सारे विषय तीत आले. वास्तुशिल्पज्ञ आणि अभियंता यांना एका ग्रंथाशी बांधणारी ही संहिता १९८३, २००५ व २०१६ साली सुधारण्यात आली.

कोयनेचा धडा

दख्खनचे पठार हा पृथ्वीचा पुरातन आणि अचल भाग आहे, येथे मोठा भूकंप व्हावयाचा नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि या समजुतीला पहिला मोठा तडा गेला. पावणेदोनशेंच्या आसपास माणसे दगावली, वस्ती उद्ध्वस्त झाली आणि धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. जलाशयाच्या भाराचा आणि भूकंपाचा संबंध हा तेव्हापासून जगभर अभ्यासाचा विषय झाला.

१९७० साली मानक क्रमांक १८९३ सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाले. सातांऐवजी पाच क्षेत्रे करण्यात आली आणि ‘शून्य’ हे क्षेत्रच काढून टाकण्यात आले. देशातील कोणत्याही भागाला भूकंपाचे भय शून्य आहे असे म्हणणे शहाणपणाचे नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याच आधीच्या नकाशातील चूक समितीने अशी आठ वर्षांत उघडपणे दुरुस्त केली. एकट्या तज्ज्ञाला हे जड जाते, कारण त्याची प्रतिष्ठा त्याच्या मताशी जोडलेली असते. समितीचे मत कोणा एकाचे नसल्याने ते बदलणे तिला शक्य होते. समितीच्या संथपणाची आपण थट्टा करतो. पण तिचा हा गुण विसरून चालणार नाही.

किल्लारी

तथापि नकाशातून शून्य गेले तरी मनातून गेले नव्हते. १९८४ सालच्या आवृत्तीत लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) हे जिल्हे क्षेत्र एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या प्रदेशात होते. आपले हैदराबाद शहरही त्याच क्षेत्रात होते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जनाहून परतलेली गावे गाढ झोपेत असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. हा सारा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता आणि या शहरातील अनेक मराठी कुटुंबांची मूळ गावे त्या बाजूस आहेत. धक्का येथेही जाणवला होता. त्यामुळे किल्लारी ही आपल्यासाठी परक्या प्रदेशातील वार्ता नव्हती.

भूकंप तीव्रतेने मध्यम होता, ६ ते ६.५ या मर्यादेतील. मग इतकी माणसे का गेली? उत्तर घरांत होते. त्या भागातील घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-अडीच फुटांपासून काही ठिकाणी त्याहूनही अधिक जाड होत्या. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधे माती व दगडांचे तुकडे. दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड घातलेले नव्हते. वर लाकडी खांब व तुळयांवर तोललेले मातीचे जाड माळवद. हादरा बसताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि निजलेल्या माणसांवर कोसळले. पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती मात्र राहिल्या नाहीत. उन्हाळ्यात गारवा देणारी, पिढ्यान्‌पिढ्या संपन्नतेची खूण मानलेली जाड भिंत अशी जीवघेणी ठरली.

याहून व्यथित करणारी गोष्ट पुढे आहे. त्याच १९९३ साली मानक क्रमांक १३८२८ प्रसिद्ध झाले. कमी ताकदीच्या दगडी वा विटांच्या भिंती भूकंपात कशा टिकवाव्यात, हाच त्याचा विषय. दगडी भिंतीत दर सहाशे मिलिमीटर उंचीवर आणि आडवे मोजता १.२ मीटरहून अधिक अंतर न ठेवता आरपार दगड घालावेत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मातीच्या घरांसाठी आणि जुन्या घरांच्या मजबुतीसाठीही त्याच वर्षी स्वतंत्र मानके निघाली. रुरकीचे प्रा. आनंद स्वरूप आर्य यांनी या विषयाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. अभियंत्याशिवाय बांधल्या जाणाऱ्या घरांविषयी आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८६ साली काढलेल्या मार्गदर्शिकेच्या समितीचेही ते अध्यक्ष होते. म्हणजे ज्या भिंतीखाली किल्लारी गाडली गेली, त्या भिंतीचा विचार समितीच्या टेबलावर झालेला होता. तो इंग्रजीत होता, मोजक्या कचेऱ्यांत होता आणि किल्लारीच्या गवंड्यापर्यंत पोहोचण्याचा त्याला मार्ग नव्हता.

गावच्या घराला नकाशा मंजूर करून घ्यावा लागत नव्हता. तेथे गवंडी हाच अभियंता आणि वडिलोपार्जित रीत हीच संहिता. समितीच्या यादीत विद्यापीठे होती, खाती होती, कारखाने होते. दगडाचा थर लावणारा मनुष्य मात्र तीत नव्हता आणि त्याच्या भाषेत बोलणारा प्रतिनिधीही क्वचितच असे. समितीचा दोष असेल तर तो अज्ञानाचा नव्हता. आपले वाचक कोण, हा प्रश्न तिने पुरेसा विचारला नाही, हा तो दोष होय.

पुनर्वसनाच्या काळात ही चूक काही अंशी दुरुस्त झाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या कार्यक्रमात उद्ध्वस्त गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि लाखाहून अधिक घरांची त्यांच्या जागीच दुरुस्ती व मजबुती झाली. गवंड्यांना प्रशिक्षण देण्यात आले. उभ्या भिंतीला भोक पाडून, त्यात सळई व काँक्रीट भरून आरपार दगडाची उणीव कशी भरून काढावी, हे दाखविण्यात आले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. घरमालकिणींना नियम समजावून देणे आणि काम नीट होते की नाही हे पाहणे, हे काम त्यांनी केले. मानकातील वाक्य मराठी बोलीत उतरले आणि ते बोलणारी गावातलीच बाई होती. तज्ज्ञांच्या समितीचे काम त्या दिवशी खऱ्या अर्थाने पुरे झाले, असे म्हणावेसे वाटते.

शहरांची पाळी

किल्लारीने खेड्यांचा प्रश्न मांडला. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपाने शहरांचा. अधिकृत आकड्यांनुसार तेरा हजारांहून अधिक माणसे गेली. भूकंपकेंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. यांतील कित्येकींचा तळमजला वाहने ठेवण्यासाठी मोकळा सोडलेला होता. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा आधार, खाली नुसते खांब. हादरा बसताच तेच खांब मोडले. आपल्या स्वतःच्या शहरातील नव्या वसाहतींत फेरफटका मारला, तर अशा खांबांवर उभ्या असलेल्या इमारती प्रत्येक गल्लीत दिसतील.

२००२ साली मानक १८९३ ची सुधारित आवृत्ती निघाली. मोकळ्या तळमजल्याचे खांब व तुळया नेहमीच्या हिशेबाच्या अडीचपट जोर धरून रचाव्यात, अशी तरतूद तीत आली. पाचांऐवजी चार क्षेत्रे झाली. क्षेत्र एक संपले आणि किल्लारीचा परिसर क्षेत्र तीनमध्ये गेला. हैदराबाद क्षेत्र दोनमध्ये आले.

मोकळा तळमजला ही केवळ अभियंत्याची चूक नव्हती. वाहनांसाठी जागा हवी हा नगरपालिकेचा नियम, ती तळमजल्यावर दाखविणारा वास्तुशिल्पज्ञाचा आराखडा, विकत घेणाऱ्याची मागणी आणि खांबांचा हिशेब करणारा अभियंता, या चौघांच्या मधल्या फटीत ती वाढली होती. एकाच व्यवसायाची माणसे एकत्र बसली तर अशी फट कोणालाच दिसत नाही. म्हणून अशा समित्यांत वास्तुशिल्पज्ञाने अभियंत्याच्या शेजारी बसणे हा सौजन्याचा भाग नाही, ती सुरक्षिततेची गरज आहे.

शिवाय मानक म्हणजे कायदा नव्हे. स्थानिक संस्थेच्या वा राज्याच्या नियमांनी ते स्वीकारल्यावरच बहुतेक इमारतींना ते बंधनकारक होते. म्हणजे दिल्लीतील समितीइतकीच नगरपालिकेची नियमसमिती महत्त्वाची, आणि तेथे जाणकारांची खुर्ची रिकामी राहिली तर ती दुसरे कोणी तरी भरतेच.

आपले कर्तव्य

या इतिहासाचा सारांश असा, की नियम आपोआप जन्मत नाहीत आणि शहाणपणही आपोआप पसरत नाही. क्वेट्टा ते मानक ४३२६ हे चौतीस वर्षांचे अंतर आणि मानक १३८२८ ते किल्लारीची भिंत हे अंतर, ही दोन्ही अंतरे माणसांनीच कमी करावयाची असतात. पहिले अंतर समितीत बसून, दुसरे समितीतून उठून बाहेर आल्यावर.

आपल्या सभासदांत अभियंते आहेत, वास्तुशिल्पज्ञ आहेत, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेली मंडळी आहेत. व्यवसायाच्या धावपळीत समितीचे काम नकोसे वाटते, हे खरे आहे. त्यात पैसा नाही, कीर्ती नाही आणि मतभेद पुष्कळ. प्रतिनिधी म्हणून नाव द्यावयाचे आणि बैठकीस मात्र जावयाचे नाही, असेही घडते. परंतु सदस्य होणे हाच एक मार्ग नाही. मसुदे जनतेच्या मतांसाठी खुले असतात. चाळीस वर्षे कामावर उभे राहिलेल्या माणसाने एका कलमावर लिहिलेले अर्धे पान हेही सहभागाचेच रूप आहे आणि त्याचा विचार करणे समितीवर बंधनकारक असते. स्थानिक शाखेच्या चर्चेत भाग घेणे, तरुण सहकाऱ्यास पर्यायी सदस्य म्हणून पुढे करणे, ही त्यापुढची पावले.

ग्रंथालयाचे कर्तव्य वेगळे आहे. मराठीत बांधकामविद्येचे लेखन नव्हते असे नाही. अभियंते रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे यांनी प्राचीन शिल्पग्रंथ परिश्रमाने गोळा करून त्यांचे सार मराठीत मांडले. त्या परंपरेतील पुढचे पुस्तक अद्याप लिहावयाचे आहे. पूर्वी मानकांच्या पुस्तिका किमती मोजून घ्याव्या लागत. आता ब्यूरोने आपली बहुतेक भारतीय मानके संगणकावर विनामूल्य वाचण्याची सोय केली आहे. किमतीचा अडसर दूर झाला, भाषेचा शिल्लक आहे. घर बांधणाऱ्या सामान्य कुटुंबाने ठेकेदारास कोणते दहा प्रश्न विचारावेत, एवढे जरी या मानकांच्या आधारे सुबोध मराठीत कोणी लिहिले आणि ग्रंथालयाने ते दर्शनी कपाटात ठेवले, तरी दुसऱ्या शतकाचा आरंभ चांगला झाला असे म्हणता येईल.

ते पुस्तक निघेल तेव्हा त्याच्या शेवटच्या पानावरही काही नावे बारीक टाइपात असतील. ती यादी मात्र वाचकांनी थांबून वाचावी, एवढीच विनंती.